स्नेक प्लांट: काटकसरी झाडाचा संसार

पहिलं स्नेक प्लांट मी मारलं ते हयगयीने नव्हे, लाडाने. रोज सकाळी मगभर पाणी, आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसणं, मधूनच खताची चिमूट. पिवळ्या किनारीची ती उंच पानं दोन महिने दिमाखात उभी होती. मग एके दिवशी एक पान जरासं कललेलं दिसलं. सरळ करावं म्हणून धरलं, तर ते तसंच वर आलं आणि मुळं खालीच राहिली. मुळं म्हणण्यासारखं खरं तर काही उरलंच नव्हतं. बुडाशी तपकिरी, गिळगिळीत लगदा, आणि वास असा की कुंडी तातडीने घराबाहेर काढावी लागली. वरचं पान मात्र अजूनही हिरवंगार आणि ताठ.

"हे झाड मरतच नाही" असं सगळे सांगतात. यात एक गफलत आहे. मरतं, पण फार सावकाश मरतं, आणि मरताना चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. आपल्याला कळतं तेव्हा बहुतेकदा महिना उलटून गेलेला असतो, आणि त्या महिन्यात आपण इमानेइतबारे पाणी घालतच असतो.

पाणी कमी घाला, कुंडी मोठी घेऊ नका, माती भुसभुशीत ठेवा, सावलीत ठेवलंत तर पाणी आणखी कमी करा. या सूचना वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत, कारण सगळ्या एकाच गोष्टीतून निघतात: हे झाड अतिशय थोडक्या खर्चात संसार करतं. ज्याचा खर्चच कमी, त्याच्या घरात भरमसाट सामान आणून टाकलं तर ते वापरलं न जाता सडतं. हा खर्च इतका कमी कसा, ते समजून घेतलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुचत जातं.

नाव, गाव आणि धनुष्याची दोरी

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातलं. 1903 साली डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि सॅन्सेव्हेरिया ट्रायफॅशिएटा हे नाव रुळलं. पुढे वनस्पतींच्या डीएनएची तुलना होऊ लागली, तेव्हा सॅन्सेव्हेरिया हा सगळा गट ड्रसिना या मोठ्या गटाच्याच पोटात बसतो असं दिसून आलं. 2017 साली या जातीचं नाव ड्रसिना ट्रायफॅशिएटा झालं. नर्सरीतल्या पाट्यांवर अजून जुनंच नाव असतं, त्याने काही बिघडत नाही. 'साप' आला तो पानांवरच्या आडव्या नागमोडी पट्ट्यांमुळे. हे झाड असलं की साप फिरकत नाहीत, किंवा उलट, यानेच साप येतात, या दोन्ही समजुतींना आधार नाही.

या गटातल्या झाडांच्या पानांत लांब, चिवट धागे असतात. इंग्रजीत तर या गटाला धनुष्याच्या दोरीचा ताग अशा अर्थाचं एक नावच आहे. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात, म्हणजे मूर्वेपासून केलेली. आणि मूर्वा म्हणून ज्या ज्या वनस्पती सांगितल्या जातात त्यांत याच गटातली, भारतात उगवणारी एक जातही आहे. ही माहिती फक्त कौतुकापुरती नाही. पानाच्या आत दोरखंड आणि त्यांच्याभोवती पाण्याचा साठा, अशी ही रचना आहे. मुळं गेली तरी साठा पुरतो, आणि धागे पानाला उभं धरून ठेवतात. माझं पान शेवटपर्यंत ताठ का राहिलं, याचं उत्तर हेच.

रात्रपाळीचा कामगार

आता मुख्य गोष्ट. झाडाला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो पानांवरच्या सूक्ष्म तोंडांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, आत येतो. पण दार उघडलं की फक्त हवा आत येत नाही. आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं. बहुतेक झाडं हा तोटा सोसतात. ऊन असतं तेव्हाच अन्न बनवायचं, म्हणून ती दिवसा दारं उघडतात आणि भर उन्हात पाणी गमावतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला अशा झाडाचं साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी जातं.

स्नेक प्लांटने कामाची वेळच बदलली आहे. दिवसा दारं बंद. रात्री हवा थंड आणि दमट झाली की दारं उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो. पण रात्री ऊन नाही, मग त्याचं करायचं काय? झाड त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींमधल्या कोठारांत भरून ठेवतं. कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं आम्ल तेच. सकाळ झाली की दारं पुन्हा बंद होतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि बंद दाराआड उन्हाच्या बळावर साखर तयार होते. या पद्धतीत त्याच एक ग्रॅमसाठी साधारण 50 ते 100 ग्रॅम पाणी पुरतं. शास्त्रीय नाव क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम.

ही आंबटपणाची ये-जा माणसाच्या जिभेला आधी सापडली होती. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. 1815 साली हे निरीक्षण छापून आलं. पानफुटीही रात्रपाळीचीच. तिची ही कथा वाचून स्नेक प्लांटचं पान चाखायला मात्र जाऊ नका. त्यात सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्यं असतात. ती पोटात गेली तर मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात, आणि मांजर-कुत्र्यांनाही तोच त्रास होतो. रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या हाताबाहेर ठेवलेली बरी.

काटकसरीची किंमत असतेच. रात्रभरात कोठारात जेवढं आम्ल मावेल तेवढंच दुसऱ्या दिवसाचं भांडवल. म्हणून हे झाड संथ वाढतं. घरात वर्षाला मोजकी नवी पानं आली तरी त्याचं बरं चाललं आहे असं समजावं. वाढ दिसत नाही म्हणून पाणी आणि खत वाढवणं, ही चूक इथूनच सुरू होते.

आणि तो ऑक्सिजनचा प्रश्न

'रात्रीही ऑक्सिजन देणारं झाड' म्हणून स्नेक प्लांट बेडरूममध्ये जाऊन बसलं आहे. वर सांगितलेलं ज्याने नीट वाचलं त्याला यातली अडचण दिसली असेल. झाडातून निघणारा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. अंधारात ऑक्सिजन तयार होत नाही, कुठल्याच झाडात नाही. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढं खरं. त्याचंच कुणीतरी परस्पर 'ऑक्सिजन सोडतं' असं करून टाकलं. आणि ते घेणंही खोलीतल्या माणसाच्या श्वासाच्या हिशेबात नगण्य.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचा उगम जास्त भारदस्त आहे. 1989 साली नासाच्या बिल वोल्व्हर्टन यांनी काही शोभेच्या झाडांवर प्रयोग केले. बंद पेट्यांमध्ये बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोइथिलीन यांची वाफ सोडली आणि झाड ठेवल्यावर ती किती घटते ते मोजलं. घट झाली, आणि तिच्यात कुंडीतल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही वाटा होता. प्रयोग खोटा नव्हता. फक्त घर म्हणजे बंद पेटी नसते. दारं, खिडक्या, फटी यांतून हवा सतत बदलत असते आणि ती अदलाबदल झाडापेक्षा कितीतरी वेगाने होते. 2019 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीत नेहमी जी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं त्यांना आढळलं. म्हणजे खाटेलाही जागा उरायची नाही. खिडकी उघडा आणि झाड दिसायला सुंदर आहे म्हणून ठेवा. एवढं कारण पुरेसं आहे.

माती, कुंडी, पाणी: खरा घोळ इथे

जास्त पाण्याने झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? पाणी विषारी नसतं. मरतं ते गुदमरून. मुळंही श्वास घेतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजनची वाट अडते, कारण तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं दुबळी होतात, मरू लागतात, आणि ओल्या मातीत टपून बसलेल्या बुरशांना आयतं घर मिळतं. तहानलेलं झाड कुंडीतलं पाणी दोन दिवसांत संपवतं आणि पोकळ्या मोकळ्या होतात. स्नेक प्लांट तेवढं पाणी संपवायला कधीकधी महिना घेतं. म्हणजे तेच मगभर पाणी शेजारच्या झाडाला मानवतं आणि याला बुडवतं.

म्हणून वाराचा आणि तारखेचा हिशेब सोडून मातीचा हिशेब धरा. माती वरून कोरडी दिसली म्हणजे आतूनही कोरडी असते असं नाही. एक बारीक लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि थोड्या वेळाने काढा. ओलसर, माती चिकटलेली निघाली तर थांबा. सवयीने कुंडी उचलूनही कळू लागतं; कोरडी कुंडी हाताला चक्क हलकी लागते. पूर्ण कोरडी झाल्यावर मात्र घोट-घोट पाजू नका. खालच्या भोकातून पाणी बाहेर पडेपर्यंत सगळी माती भिजवा, बशीत साचलेलं ओतून टाका आणि पुन्हा विसरून जा. उबदार दिवसांत उजेडाच्या जागी हे दोन-तीन आठवड्यांनी येतं, थंडीत किंवा अंधाऱ्या जागी महिना-दीड महिन्यानेही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी ओतू नये. ते तिथेच साचून बुडखा कुजवतं, आणि बुटक्या, गुलाबासारख्या पसरलेल्या जातींत हे हमखास होतं.

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मीही वर्षानुवर्षं घालत होते. एक साधा प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, भोकं तीच. पण पाण्याचा स्तंभ उंच झाला की वजनाने जास्त पाणी खाली उतरतं. तरीही अगदी तळाचा थोडा भाग चिंबच राहतो. मातीचंही असंच आहे. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तळाशी एक चिंब थर कायम उरतो. खाली खडे घातले तर तो थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खड्यांनी कुंडी जड होते, पडत नाही, हा फायदा खरा. निचऱ्याचा नाही.

चिंब थर कमी करायचा तर मिश्रणच भरड हवं. निम्म्याला बागेतली माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं कंपोस्ट, उरलेल्या निम्म्यात पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), जाडी वाळू, विटेचे बारीक तुकडे, जे असेल ते. वाळू जाडीच हवी. बारीक वाळू पोकळ्या बुजवते आणि उलटाच परिणाम होतो. विटेचे तुकडेही चाळून घ्यावेत, नाहीतर भुकटी तळाशी जमून चिखल होतो.

कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन बोटंच मोठी हवी. मोठ्या कुंडीत ज्या मातीपर्यंत मुळं पोचलीच नाहीत ती ओलीच राहते. तिथलं पाणी पिणारं कुणी नसतं. भाजलेल्या मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते, म्हणून ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी तीच घ्यावी. प्लास्टिकची चालते, फक्त काडी जास्त वेळा खुपसावी लागते. खाली भोक नसलेली देखणी कुंडी घेतलीच असेल तर तिला बाहेरचं आवरण समजा आणि झाड आत वेगळ्या भोकवाल्या कुंडीत ठेवा. कुंडी बदलायची घाई नको. जमिनीखालचं खोड आल्यासारखं आडवं सरकत कडेला भिडतं, प्लास्टिकच्या कुंडीला फुगवटा आणतं, कधी ती फोडूनही बाहेर येतं. तेव्हा बदलावी.

उजेड: डोळे फसवतात

स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतं हे खरं, पण तग धरणं आणि वाढणं यांत फरक आहे. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर तो साधारण एक लाख लक्स असतो. घरात खिडकीपाशी तो काही हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशेच उरतो. आपले डोळे हा फरक इतक्या सफाईने भरून काढतात की कोपरा आपल्याला 'चांगला उजेडाचा' वाटतो. झाडाला वाटत नाही. तिथे ते साठवणीवर दिवस काढत असतं.

खिडकीजवळ, थेट दुपारचं ऊन नसलेली जागा सगळ्यात बरी. सकाळचं कोवळं ऊन तर चांगलंच. अंधारा कोपरा सजवायचाच असेल तर दोन झाडं ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करा. आणि हे लक्षात असू द्या की उजेड कमी झाला की पाण्याचा खर्चही कमी होतो. खिडकीतून कोपऱ्यात गेलेल्या झाडाला पूर्वीच्याच वेळापत्रकाने पाणी मिळत राहतं, आणि घरातली बरीच स्नेक प्लांट अशीच जातात.

पिवळ्या किंवा पांढऱ्या किनारीच्या जातींना उजेड जरा जास्त लागतो. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणजे पानाचा तेवढा भाग कमावत नाही, नुसता खातो.

खताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वाढीच्या दिवसांत महिना-दोन महिन्यांतून एकदा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने. थंडीत अजिबात नको.

पान काय सांगतं

सगळ्यात फसवी खूण म्हणजे सुरकुतलेलं पान. पाणी कमी पडलं की साठा संपतो आणि पानावर उभ्या सुरकुत्या पडतात. पण मुळं कुजली तरीही पानापर्यंत पाणी पोचत नाही आणि अगदी तशाच सुरकुत्या पडतात. पहिल्या कारणावर उपाय पाणी, दुसऱ्यात तेच पाणी घातक. निर्णय मातीवरून करायचा. माती कोरडीठाक असेल तर पाणी घाला, काही दिवसांत पान भरून येईल. माती ओली असूनही पान सुरकुतलं असेल तर झाड लगेच कुंडीतून काढा. पांढरट-नारिंगी, टणक मुळं निरोगी. तपकिरी, ओढली की साल सुटून येणारी मुळं मेलेली. मऊ पडलेलं सगळं स्वच्छ सुरीने कापून टाका, उरलेलं दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या, नव्या मिश्रणात लावा. पाणी त्यानंतर आठवडाभराने.

थंडीचा फटका वेगळा दिसतो. तापमान 10 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की पानांवर पाणचट, खोलगट डाग पडतात. एसीचा झोत सतत अंगावर येणारी जागाही नको. टोकं तपकिरी झाली तर ती पुन्हा हिरवी होत नाहीत. दिसायला खटकत असतील तर कात्रीने पानाच्या आकारात छाटावीत, नाहीतर तशीच राहू द्यावीत.

किडीत पिठ्या ढेकूण सगळ्यात चिवट. पानाच्या बुडाशी, जिथे दोन पानं एकमेकांना बिलगलेली असतात, तिथे कापसासारखे पुंजके दिसतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि आठवड्याने पुन्हा पुसा, कारण अंडी पहिल्या वेळी सुटून जातात. पानांवर बारीक फिके ठिपके आणि जाळी दिसली तर लाल कोळी. पानं धुवून काढली की बराच आवरतो. कुंडीभोवती चिलटं घोंघावत असतील तर ती किडीपेक्षा निरोप समजा: माती फार ओली आहे.

बागेत लावताना

जिथे दंव पडत नाही तिथे स्नेक प्लांट जमिनीत छान येतं. मोठ्या झाडाखालची कोरडी, विरळ सावली, जिथे दुसरं काही टिकत नाही, ती याला आवडते. घरातलं झाड मात्र एकदम उन्हात नेऊ नका. पानं पांढुरकी भाजतात आणि तो डाग पान असेपर्यंत राहतो. दोन-तीन आठवडे रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्यावं. मग तेच झाड पुरं ऊनही सोसतं, फक्त रंग फिका पडतो.

जमिनीत त्याचा शत्रू ऊन नव्हे, साचलेला पाऊस. पाणी उभं राहत असेल तर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा, मातीत भरपूर भरड मिसळा. उतारावर लावलं तर उत्तमच. पहिलं वर्ष सरलं की वरून पाणी घालायची गरज क्वचितच पडते.

दुसरी खबरदारी पसरण्याची. कुंडीत संथ वाटणारं हे झाड मोकळ्या जमिनीत दरवर्षी पुढे सरकतं आणि जमिनीखालच्या खोडाचा लहानसा तुकडा राहिला तरी तिथून पुन्हा फुटतं. फ्लोरिडासारख्या उष्ण भागात या गटातल्या झाडांनी बागेची हद्द ओलांडून रानात तण म्हणून ठाण मांडलं आहे. तेव्हा वाफ्याच्या कडेने जमिनीत वीत-दीड वीत खोल फरशी उभी पुरा, किंवा सरळ कुंडीसकट पुरा. छाटलेला कचरा मोकळ्या रानात, ओढ्याकाठी फेकू नका.

बागेत कधीतरी त्याला फुलंही येतात. जरा आवळलेल्या मुळांचं, भरपूर उजेडातलं झाड एक उभी दांडी काढतं आणि तिच्यावर हिरवट पांढरी, नाजूक फुलं लागतात. ती रात्री उमलतात, गोड वास सोडतात आणि रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावतात. झाडाचा धंदाच रात्रीचा, मग फुलं तरी दिवसा कशाला उमलतील! ज्या पुंजक्यातून दांडी येते त्याची वाढ तिथेच संपते, नवं पान येत नाही. तो पुंजका लगेच मरत नाही, आणि शेजारी पिल्लं तोवर आलेलीच असतात.

पिल्लं, आणि पानाचा तुकडा

नवं झाड करायचा सोपा मार्ग म्हणजे ही पिल्लं. मूळ झाडाच्या निम्म्या उंचीचं झालं की जमिनीखालचं खोड सुरीने कापायचं, काप दोन दिवस सुकू द्यायचा आणि लावायचं.

दुसरा मार्ग पानाच्या तुकड्यांचा. निरोगी पानाचे चार बोटं लांबीचे तुकडे करा. त्यांची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटा लावलेला तुकडा मुळं धरत नाही. कारण मुळं फुटायला लावणारं ऑक्सिन हे संप्रेरक पानात वरून खाली वाहतं आणि खालच्या कापाशी साठतं. चार तुकडे टेबलावर पडले की खालची बाजू कोणती हे हमखास विसरायला होतं, म्हणून खालचा काप टोकदार, उलट्या घराच्या छपरासारखा करावा. दोन-तीन दिवस सुकवून भरड मिश्रणात रोवा, माती जेमतेम ओलसर ठेवा. महिना-दोन महिन्यांत मुळं येतात, आणि जमिनीतून कोंब डोकवायला आणखी काही महिने. पाण्यात ठेवूनही मुळं फुटतात, पाणी मात्र बदलत राहावं लागतं.

यात एक गंमत आहे. पिवळ्या किनारीच्या पानाचा तुकडा लावला तर येणारं पिल्लू साधं हिरवं निघतं. पिवळी किनार म्हणजे रंगकाम नव्हे. वाढीच्या टोकाशी दोन वेगवेगळ्या वंशांच्या पेशींचे थर एकमेकांवर बसलेले असतात, अस्तर लावलेल्या कापडासारखे. एक थर हरितद्रव्य बनवू शकतो, दुसरा नाही. पिल्लू वेगळं काढलं तर त्याच्यात दोन्ही थर जसेच्या तसे असतात. पण पानाच्या तुकड्यावरचा कोंब आतल्या थोड्या पेशींपासून नव्याने घडतो, तिथे कापड आणि अस्तर ही जोडी पुन्हा जमत नाही. अधूनमधून झाड आपणहूनही नवं रूप घेतं. बुटकी, पसरट 'हॅन्नी' ही जात 1939 साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या एका नर्सरीत अशीच अचानक सापडली.

त्या पहिल्या, कुजलेल्या झाडाचं वरचं पान मी टाकून दिलं नव्हतं. लगद्याच्या बरंच वर कापून त्याचे तीन तुकडे केले, सुकवले, लावले. एक सुकून गेला, एक मीच उकरून पाहत राहिल्यामुळे गेला. तिसऱ्याला सात महिन्यांनी बोटाच्या पेराएवढा कोंब आला. आज ती कुंडी भरली आहे आणि त्यातल्या एकाही पानाला पिवळी किनार नाही.